पालथेकाकांचा लाकडी घोडा

लहान मुलाचा फोटो उभ्याने काढणारा माणूस पालथेकाकांच्या लेखी फोटोग्राफर नव्हताच. "वरून काढला की मुलाचं नुसतं डोकं दिसतं," ते म्हणायचे. "कपाळ हे एवढं, पाय गायब. काय पाप केलंय त्या लेकराने?" आणि बोलता बोलता स्वतः आडवे व्हायचे. पोट जमिनीला, कोपरं रोवलेली, हनुवटी गालिच्यावर. रांगतं मूल समोर आलं की त्याच्या डोळ्याला यांचा डोळा भिडायचा आणि मग बटण दाबलं जायचं. गावातल्या निम्म्या घरांत असे पालथं पडून काढलेले फोटो टांगलेत, म्हणून तर लोकांनी हे नाव ठेवलं. खरं आडनाव विचारायचं तर त्यांच्या बायकोला विचारावं लागेल, आणि ती काही सरळ उत्तर देणारी बाई नव्हे.

पण म्हातारपण मेलं पायांनी चालत येतं. उमेदीत असताना सर्रकन खाली जाणारा हा माणूस साठीनंतर खाली बसायला लागला की त्याचे गुडघे असे वाजायचे, की फोटो राहिला बाजूला, मूल आवाज कुठून येतोय ते शोधायचं. काका मात्र डोकेबाज. जुनी गादी फाडून तिचे तुकडे त्यांनी बायकोकडून पँटच्या आत, गुडघ्यांवर शिवून घेतले. शर्टाच्या कोपरांनाही तसेच. गालिच्याखाली रबराची चटई घातली. मान वाकडी करायला नको म्हणून मागचा छोटा स्क्रीन उघडून वर वळवता येईल असा कॅमेरा घेतला, आणि तो हातात पेलायला नको म्हणून त्याच्याखाली वाळूची पिशवी. गिऱ्हाईक यायच्या आधी पडद्यामागे जाऊन पाय ताणायचे, कंबर फिरवायची. कोणाला कळू द्यायचं नाही, एवढीच अट. सुंभ जळला तरी पीळ जायला नको ना!

खाली पडण्याची सोय झाली. वर उठण्याचं काय?

एकदा उठता उठेनात, तेव्हा एका मुलाच्या बापाने काखेत हात घालून त्यांना उचललं. गिऱ्हाईक गेल्यावर धाकटा भाऊ गल्ल्यावरून उठून आत आला. स्टुडिओ वडिलांचा, दोघांच्या नावावर. थोरल्याने फोटो काढायचे, धाकट्याने गल्ला सांभाळायचा, अशी वडिलांनीच वाटणी करून दिलेली. ती वाटणी धाकट्याला कधी पचली नव्हती.

"दादा, हा स्टुडिओ आहे, दवाखाना नाही," तो म्हणाला. "पुन्हा तुला उठवायला माणूस लागला ना, त्या दिवशी कॅमेरा माझ्या हातात आणि तू घरी."

घरी! घरी काय होतं? एक टीव्ही, एक खुर्ची, आणि ती खुर्चीही बायकोची. काकांचा जीव त्या कॅमेऱ्यात. तो गेला तर उरलं काय, नुसते गुडघे.

म्हणून घोडा. वडिलांच्या वेळचा, भरीव लाकडाचा, खाली लोखंडी पट्ट्या ठोकलेला घोडा. मुलांना बसवून फोटो काढायला ठेवलेला. काका फोटो झाला की कुशीवर वळायचे, एक गुडघा पोटाशी ओढायचे, घोड्याच्या पाठीवर तळवा टेकायचे आणि "हा घोडा जरा सरकलाय वाटतं" म्हणत म्हणत उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटायचं, किती बारीक लक्ष आहे माणसाचं! बरीच वर्षं हे बेमालूम चाललं. धाकटा गल्ल्यावर बसून वाट बघत राहिला आणि काका दर वेळी आपले आपण उठत राहिले.

एका संध्याकाळी जेवताना काकांनी फुशारकीने ही युक्ती बायकोला सांगितली. शहाण्या माणसाने पोटातली गोष्ट पोटात ठेवावी. रोज तेल गरम करून नवऱ्याचे गुडघे चोळणाऱ्या बाईला तर मुळीच सांगू नये. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हो का?" आणि ताटं उचलली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक आजी, तिची सून आणि एक गुबगुबीत नातू असे तिघं आले. आजीला नातवाचा घोड्यावरचा फोटो हवा होता, तिच्या मुलाचाही त्याच घोड्यावर काढलेला होता. काका आत गेले तर घोडा नवाकोरा दिसला. तोच तपकिरी रंग, तीच पांढरी आयाळ, पण चकचकीत. "चला, धाकट्याला अक्कल आली, रंग दिलान," काका मनात म्हणाले. धाकटा आज गल्ला सोडून दारात उभा होता, हेही त्यांना चांगलंच वाटलं. बघू दे म्हणावं.

"आधी जमिनीवरचा एक घेऊ," म्हणत काका आडवे झाले. मूल रांगत रांगत आलं, थांबलं, खालचे दोन दात दाखवून हसलं. काकांनी नेमकं तेव्हाच टिपलं. फोटो असा आला की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ते कुशीवर वळले, गुडघा ओढला, घोड्यावर तळवा टेकला आणि सगळा भार टाकला.

कचकन आवाज झाला. घोडा मधोमध मोडला आणि काका हनुवटीवर आपटले. घोड्याचं मुंडकं काखेत, मिशांना थर्माकोलचे पांढरे गोळे. पोरगं आधी दचकलं, मग खिदळायला लागलं. ते खिदळलं म्हणून त्याची आई हसली, आई हसली म्हणून आजी.

"अरे दादा, थर्माकोलचा आहे तो!" धाकटा दारातूनच म्हणाला. "लाकडी दिला सरपणाला. वहिनीच म्हणाली, भाऊजी, तो घोडा आहे तोवर हा माणूस काही घरी बसायचा नाही."

काकांनी कोपर रोवलं. सरकलं. पुन्हा रोवलं. कोणी काखेत हात घालायला पुढे होईल म्हणून घाईघाईने म्हणाले, "थांबा, थांबा, आणखी एक घेतो." आणि समोर कोणी नसताना बटण दाबलं. पुन्हा दाबलं. रिकाम्या गालिच्यावर फ्लॅश पडत राहिला. सगळ्यांना कळलं होतं. पोराला सुद्धा.

"आता घोड्यावरच्या फोटोचं काय हो?" आजीने विचारलं.

उत्तर पोरानेच दिलं. ते काकांच्या पाठीवर चढलं आणि टाचा मारायला लागलं.

"अगं बाई, किती गोड!" सून ओरडली. "काढा, काढा, लवकर काढा!"

धाकटा वाकला. "दे इकडे, दादा." काकांनी कॅमेरा सोडला नाही. धाकट्याने एकेक बोट उलगडून तो काढून घेतला, सरळ उभा राहिला आणि वरून नेम धरला. "दादा, हस की जरा. गिऱ्हाईक आहे." आणि काका हसले. हसू नये तर काय करावं?

तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत मोठा करून लावलाय. मुलाचं कपाळ हे एवढं, पाय गायब, आणि खाली काकांचं टक्कल. कोणाला काही खटकत नाही. उलट लोक येऊन विचारतात, तो घोडा आहे ना?

घोडा असतो. धाकटा सकाळी दादाला खाली ठेवतो, संध्याकाळी उचलतो. मधे उचलत नाही, दोनदा कोण कंबर मोडणार, म्हणून काका दुपारी पाणीही बेतानेच पितात. सोय मात्र चोख आहे. गालिच्याखाली जाड गादी, छातीखाली उशी, कोपरांना मऊ लोड. जे काकांनी चोरून चोरून शिवून घेतलं, ते सगळं आता राजरोस. "दादाला अगदी आरामात ठेवलंय," धाकटा सांगतो. काकूही खूश आहेत, तेल वाचतंय. आणि काका रोज येतात, कारण कॅमेरा तिथे आहे. कधीतरी धाकटा म्हणेल, घे दादा, एक तू काढ. वेडी आशा, दुसरं काय!

परवा एक रांगती मुलगी पाठीवर चढायच्या आधी त्यांच्या समोर येऊन थांबली. अगदी डोळ्याला डोळा. हसली. काकांचं उजवं बोट आपोआप हललं आणि त्यांनी मान वर उचलली.

"नको, नको, दादा," वरून धाकटा म्हणाला. "घोड्याने खालीच बघायचं."