निळा पडलेला वस्तरा

जुना वस्तरा हातात आला की ते आधी तो कानाशी नेत आणि पात्याला नखाने टिचकी मारत. आवाज खणखणीत आला की म्हणत, "जित्ता हाये." बद्द आला की पात्यात कुठेतरी चीर आहे हे ओळखून मुकाट्याने परत करत.

आमगावात ते माझे शेजारी. उभा जन्म लोकांच्या दाढ्या केल्या. सलूनमध्ये वापरून फेकायची ब्लेडे आली, तेव्हा दुकान मोडले आणि घरच्या पडवीत, आता कोणीच वापरत नाही असे वस्तरे दुरुस्त करायला बसले. म्हातारपण कसे घालवावे यावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. इतके निरुपयोगी आणि इतके मन लावून केलेले काम मात्र दुसरे पाहिले नाही.

हाताने फिरवायचे दगडी चाक, वर टांगलेला भोकाचा डबा, त्यातून थेंब थेंब पाणी. दोन फेरे झाले की पाते पाण्यात बुडवायचे, बोट लावून पाहायचे, मग पुढचे दोन.

"अहो, एका वस्तऱ्याला आठ दिवस?" मी कंटाळून म्हणे.

"लोखंड तपलं का मेलं, गुरुजी. तुमच्या पोरायसारखं नाही, दुसऱ्या वर्षी पास व्हाले."

एकदा एक पुढारी आपल्या आजोबांचा वस्तरा घेऊन आले. स्वतःच्याच सत्कारात तो काचेच्या पेटीत मांडायचा होता.

"धार कायले? फक्त चमकवा."

"धार नसन तं चमचा ठेवा ना, साहेब."

पुढारी हसले नाहीत. आपण असतो तर हसलो असतो.

स्वतःच्या वडिलांचा वस्तरा मात्र त्यांनी वर्षानुवर्षे तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्याच एका पात्याने वडिलांनी अर्ध्या गावाची डोकी केली होती. चाकाला कधी लावणार विचारले, की म्हणत, "अजून हात बसाचा हाये." तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

मग दिवाळीला नागपूरहून मुलगा आला. विजेचे ग्राइंडर घेऊन.

"बाबा, हातानं कायले फिरवून राहिले? लावा बरं, आजोबाचाच लावा पहिले."

मुलाचा चेहरा असा फुलला होता, की त्यांच्या तोंडून नाही निघेना. मी तिथेच होतो. त्यांनी फडके सोडले आणि पाते मशीनच्या कोरड्या चाकाला लावले. ठिणग्या उडाल्या. मुलाने मोबाइलवर फोटो काढला. क्षणात पात्याच्या कडेवर निळी झाक पसरली. त्यांच्याजवळ बसून एवढे मलाही कळू लागले होते: पोलाद जळले. आता कितीही घासा, धार टिकणार नाही.

त्यांनी पात्यावर तळहात झाकला. "बेस मशीन हाये," म्हणाले.

मुलगा गेल्यावर मी विचारले, "माहीत असून का लावलात?"

"नागपूरहून मांडीवर घेऊन आला, गुरुजी. गाडीत खाली नाही ठेवली." फडके पुन्हा गुंडाळत म्हणाले, "त्याले सांगू नोका."

त्यानंतर ते दगडी चाकाजवळही बसले नाहीत. मुलाचा फोन आला की सांगत, "मस्त चालून राहिली मशीन." उन्हाळ्यात गेले.

दहाव्याला तळ्याच्या पाळीवर मुलाने फडके उघडले. "आजोबाचा वस्तरा. बाबांनं माझ्या मशीनवर लावला होता. यानंच करा."

न्हाव्याने पात्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. दुसऱ्याच्या चुका दाखवण्यात मी अख्खी नोकरी घालवली. मी पाण्याकडे पाहू लागलो.

न्हाव्याने केस पुन्हा एकदा भिजवले आणि पाते टेकवले. वस्तरा कापत नव्हता, ओढत होता. दहा दिवस कोरडे राहिलेले मुलाचे डोळे वाहू लागले. मागून कोणी म्हणाले, "रडू द्या. मोकळा होईन."

"बाबांनं बेस लावली होती ना धार, गुरुजी?" डोळे मिटूनच त्याने विचारले.

"बेस," मी म्हणालो.