रिकाम्या फॉन्टमध्ये उमटलेलं नाव

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी लाज वाटायची म्हणून, नंतर टाळायची सवयच लागली म्हणून. आत्तासुद्धा घरचे म्हणतात, "बाबा, या वयात कशाला? लोक हसतील." हसू द्या. या सदरातले निम्मे अनुभव वाचून मी स्वतः हसलेलो आहे. चिंचेखालची बाई, माळ्यावरची पावलं... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. दुकानातलं नवीन मशीन मी मुद्दाम अमावास्येला सुरू केलं होतं, आणि ते सगळ्यात जास्त चाललं.

म्हणून आधीच बजावतो. मी सांगतोय ते भर दुपारी घडलं, आणि माझा मुलगा शेजारी होता. जिचा या गोष्टीशी संबंध आहे ती बाई तेव्हा जिवंत होती, धुळ्यात स्वतःच्या घरी. तेव्हा कृपा करून आत्मा-बित्मा सुरू करू नका.

धुळ्यात एका गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं. फाइल आम्ही धुळ्यात बनवायची आणि छापायला जळगावच्या प्रेसला न्यायची. माझ्याकडे उषाताई ऑपरेटर होत्या. उषा मधुकर अहिरे. पूर्ण नाव मुद्दाम लिहितोय, कारण त्या गल्लीत ते नाव वेगळ्याच कामाला वापरतात. फाइल बिघडली, अक्षरं उडाली, की तिथले डीटीपीवाले म्हणतात — "फाइलची उषा झाली." नवीन पोरंसुद्धा म्हणतात. उषा कोण, त्यांना माहीतही नाही.

मी सांगतो कोण ते. कीबोर्डकडे न बघता टाइप करणारी बाई. ग्राहकाशी बोलता बोलता, चहा पिता पिता हात चालू. एकदा एक नवरदेव स्वतःच प्रूफ बघायला आला आणि तासभर शंका काढत बसला. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, मुलगी पसंत करायला एवढा वेळ घेतला होता का?" नवा फॉन्ट आला की तपासायला आधी स्वतःचं पूर्ण नाव टाइप करायच्या. मी चिडवायचो, "तुमच्या नावाचा फॉन्ट काढायचाय का?" तर म्हणायच्या, "काढा ना, मी काय नको म्हणते?"

आता प्रकरण. धुळ्यातलंच एक व्यापारी कुटुंब, मूळ राजस्थानचं. मोठं लग्न, मोठी पत्रिका. उषाताईंनी फाइल तयार करून कर्व्ह करून ठेवली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे जुने मराठी फॉन्ट प्रत्येक मशीनवर असतीलच असं नाही. म्हणून प्रेसला द्यायच्या आधी सगळ्या अक्षरांची चित्रं करून टाकायची, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. याला कर्व्ह करणं म्हणतात. या धंद्यातला हा पहिला नियम. उषाताई तो कधी विसरल्या नाहीत.

उषाताई घरी गेल्यावर त्या कुटुंबातल्या शेठचा फोन आला — एका मामांचं नाव घालायचं राहिलंय. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये अक्षर बदलता येत नाही. मी उषाताईंची कर्व्ह न केलेली साधी फाइल उघडली आणि नाव घातलं. तो फॉन्ट थोडा अडखळत होता, म्हणून एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचं फॉन्ट दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालवलं. स्क्रीनवर सगळं नीट दिसलं. एसटी पकडायची घाई होती. मी फाइल आणि 'दुरुस्त' केलेला फॉन्ट सीडीवर घेतला आणि निघालो. कर्व्ह न करता.

प्रेसवाला काही वाचत बसत नाही. त्याने प्लेट काढली आणि छापलं. मीही गठ्ठे बांधलेलेच आणले आणि तसेच शेठच्या घरी नेले. उषाताईही आल्या, त्यांना हौस असायची. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची म्हणून शेठनी गठ्ठा फोडला. वर जिथे कैलासवासी आजोबांच्या आशीर्वादाचं लिहिलं होतं, तिथे नावाच्या जागी रिकामे चौकोन.

 शेठची आई रडायला लागली. शेठ माझ्याकडे वळले. "आमच्या दादाजींचं नाव पुसलं? कोणी केलं हे?"

मी उषाताईंकडे बोट केलं.

"ऑपरेटरची चूक आहे," मी म्हणालो. "कर्व्ह केलं नाही."

"केलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मशीनवर आहे फाइल. चला, दाखवते."

शेठचा भाऊ म्हणाला, "असल्या लोकांना हात लावू देता, मग दुसरं काय होणार?" असले लोक म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. उषाताईंनाही कळलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोललो नाही.

माझी स्कूटर होती, त्या पायी निघाल्या. मी आधी दुकानात पोचलो. त्यांची कर्व्ह केलेली फाइल मशीनवर होती... एकूण एक अक्षर जागच्या जागी. मी ती डिलीट केली. रिसायकल बिनमधूनही काढली.

त्या आल्या आणि शोधायला बसल्या. प्रत्येक फोल्डर उघडला, पुन्हा उघडला. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मला तर आठवतंय, भाऊ, केल्याचं." मी म्हणालो, "आठवून काय उपयोग?" दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. गल्लीत कुणी त्यांना कामावर घेतलं नाही. कुणाला विचारायचीही गरज पडली नाही, मीच सगळीकडे सांगितलं होतं.

पुढे दुकान बंद करून मी जळगावला योगेशकडे, माझ्या मुलाकडे आलो. काही वर्षांपूर्वी घरात माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचं ठरलं. मी हट्ट धरला — मोबाइलवरचं रंगीबेरंगी आमंत्रण नको, पत्रिका मी बनवणार, आणि आमच्या दुकानच्या जुन्या फॉन्टमध्ये. योगेशच्या लॅपटॉपवर जुनं सॉफ्टवेअर टाकलं आणि जुन्या बॅकअपमधले फॉन्ट भरले. तर सॉफ्टवेअर उघडेचना. सुरू होतानाच अडकायचं.

हे दुखणं मला पाठ आहे. एखादी फॉन्टची फाइल खराब असली की असं होतं. निम्मे फॉन्ट काढून ठेवायचे आणि उघडून बघायचं. उघडलं, तर खराब फाइल काढलेल्यात आहे. मग त्यातले निम्मे परत टाकायचे... असं करत करत एका फाइलवर येऊन थांबतो. थांबलो. तोच फॉन्ट होता. मी 'दुरुस्त' केलेला. इतक्या वर्षांत आणखी सडला होता. प्रिव्ह्यूमध्ये नुसते चौकोन. फॉन्ट एडिटरमध्ये उघडला, तर अक्षरांची सगळी घरं रिकामी.

फॉन्ट कॅशे साफ केली का, असं विचारणाऱ्यांनो — केली. मशीन रीस्टार्ट केलं. फॉन्ट काढून परत टाकला. या खेपेला सॉफ्टवेअर कसंबसं उघडलं. फॉन्ट निवडला, माझं नाव टाइप केलं. मनोहर. चौकोन. योगेश. चौकोन. सूनबाईंचं, जळगावचं, गणपतीचं नाव... चौकोन.

मग हातानं आपोआप ते टाइप केलं. फॉन्ट तपासताना जे टाइप होताना मी वर्षानुवर्षं बघितलं होतं तेच. उषा मधुकर अहिरे.

आलं.

पूर्ण. ठसठशीत. त्याच फॉन्टच्या वळणाचं, उकाराला बाक असलेलं. मी योगेशला हाक मारली.

"दुसऱ्या फॉन्टमधून उचलत असेल, बाबा," तो म्हणाला. "विंडोज करतं असं."

"मग माझं नाव का नाही उचलत?"

"टाका बरं परत."

टाकलं. चौकोन. त्यांच्या मधुकरमधला म कॉपी करून माझ्या नावात पेस्ट केला, तर चौकोन. तोच कापून परत मधुकरला लावला, तर म. आता हे जाणकारांनी मला समजावून सांगावं. फॉन्टला शब्द कळत नाही, माणूस तर नाहीच कळत. त्याच्याकडे म असतो किंवा नसतो. एकाच ओळीत एका माणसाला म आणि दुसऱ्याला चौकोन, असं होऊ शकत नाही. मी पोट भरलंय या धंद्यावर, मला शिकवू नका.

योगेशनं प्रिंट काढली. कागदावरही तेच. त्यानं कागद उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाला, "कोण आहेत या?"

मी म्हणालो, "होत्या एक. दुकानात."

ओळखीच्या एका प्रेसमधून त्याच फॉन्टची चांगली प्रत आणली. खराब काढून ती टाकली. सगळी नावं नीट आली, पत्रिका झाली. म्हणजे फॉन्टचं काम संपलं. खराब फाइल मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. आता त्यात सगळेच चौकोन येतात, उषाताईंचं नावसुद्धा. कधीपासून, ते मला माहीत नाही. मधले काही महिने मी उघडून बघितलं नाही, हिंमत झाली नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. पण 'वयोमान' म्हणू नका. कागद योगेशनंही बघितलाय.

पत्रिका द्यायच्या निमित्तानं मी धुळ्याला गेलो. एका जुन्या कागदवाल्यानं पत्ता दिला, देवपूरचा. एसटीत पारोळ्यापासून मी एकच वाक्य घोकत होतो. उषाताई, फाइल मी नेली, फॉन्ट मी बिघडवला, तुमची फाइल मी पुसली. एवढंच. सोपं वाक्य आहे.

दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोन शे?"

दार उघडून बघत राहिल्या. "अगं बाई... भाऊ! वाट चुकले का?"

केस पांढरे झालेले, जीभ तीच. मला बसवलं. चहाला नको म्हणालो, तर म्हणाल्या, "साखर कमी टाकते, तोंडावरून दिसतंय सगळं." घरात शिवणयंत्र होतं, ब्लाउजांचा ढीग पडला होता. पत्रिका हातात घेतली आणि आधी अक्षरांवरून बोट फिरवलं. "आपला फॉन्ट," म्हणाल्या. "कोणी केली फाइल?"

"मीच."

"बरी जमलीय. कर्व्ह केलं होतं ना?" आणि हसल्या.

मी तोंड उघडलं. त्याच आधी बोलल्या.

"गल्लीत अजून माझं नाव चालतं म्हणे. फाइलची उषा झाली म्हणतात. माझा भाचा ऐकून आला. म्हटलं, चला, काहीतरी मागे राहिलं आपलं." मग हसणं थांबलं. "भाऊ, एक बोलू? त्या शेठचा भाऊ जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला माफी नाही. पण तुमचं वेगळं. मला पक्कं वाटायचं, मी कर्व्ह केलंय म्हणून. डोळ्यांसमोर दिसायचं. पण फाइल तर नव्हती. म्हणजे माझंच चुकलं. त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावला नाही मी. भाचा म्हणतो, मावशी, मोबाइलवर तरी टाइप कर. नाही करत. हाताचा भरवसाच राहिला नाही."

मी कप धरून बसलो होतो.

"तुमचं नाव खराब झालं माझ्यापायी," त्या म्हणाल्या. "यायचं होतं सांगायला. तोंड दाखवायचा धीर झाला नाही. मनात ठेवलं नाही ना तुम्ही?"

गेल्या उन्हाळ्यात उषाताई गेल्या. मला उशिरा कळलं. परत जाईन, पुढच्या खेपेला सांगेन, असं मी स्वतःला सांगत होतो. म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर. धुळ्याच्या त्या गल्लीतल्या डीटीपीवाल्यांनो, फाइल बिघडली तर माझं नाव घ्या. मनोहर झाली म्हणा. चूक उषा मधुकर अहिरे यांची नव्हती, कधीच नव्हती. हे वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ द्या, मला कुणाची भीती उरलेली नाही.

भीती त्या दुपारी होती, उषाताईंच्या घरी. वाक्य पाठ होतं, समोर बाई होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्या वाट बघत होत्या. आणि मी कप खाली ठेवून म्हणालो, "झालं गेलं, उषाताई. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."