ना हरकत पत्र

मी उजव्या कोपऱ्यात खेळायचे. कबड्डीत कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम म्हणजे चढाईला आलेल्या मुलीचा घोटा पकडणं. चौदाव्या वर्षापासून मी हे काम घाटकोपरच्या आमच्या मंडळासाठी केलं, मातीच्या मैदानावर, गुडघे सोलून घेत.

बावीस वर्षांची असताना अंधेरीच्या एका कंपनीच्या संघात माझी निवड झाली. आधी वर्षभर करार, खेळ दिसला की कायमची नोकरी. चाचणीवरून मी थेट साकीनाक्याला गेले. तिथल्या एका वर्कशॉपात बाबा लेथवर असायचे. ऐकल्यावर त्यांनी मशीन बंद केलं आणि शेजारच्या गाळ्यातल्या लोकांनासुद्धा चहा सांगितला. घरी आईला तर काय करू नि काय नको झालं होतं.

फक्त एक कागद हवा होता, मंडळाचं ना हरकत पत्र. महिनाअखेरपर्यंत ते जिल्हा संघटनेत पोचलं नाही, तर त्या वर्षी मंडळातून कंपनीच्या संघात बदली होणार नव्हती. मी आमच्या सरांकडे गेले. मला खेळ त्यांनीच शिकवला होता, मंडळाचा कारभारही तेच बघायचे.

"देतो ना. पत्र काय पळून चाललंय?" सर म्हणाले.

मग अध्यक्ष गावाला गेले. मग शिक्का कपाटात अडकला, कपाटाची चावी सापडेना. मी चार वेळा गेले, चारही वेळा सर हसून बोलले. पाचव्यांदा म्हणाले, "आधी जिल्हा स्पर्धेची फायनल होऊ दे गं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र घेऊन जा."

फायनल रविवारी होती. मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती.

त्या दिवशी मी जशी खेळले तशी आधी कधी खेळले नव्हते, नंतर तर प्रश्नच आला नाही. डोक्यात नुसता राग होता. दोन्ही संघांचे गुण सारखे असताना समोरची शेवटच्या चढाईला आली आणि मी तिला मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पाडलं. सगळ्या पोरी अंगावर पडल्या. सर धावत आले, माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हणाले, "बघ, म्हणून तर तुला सोडवत नव्हतं!" सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

सोमवारी सकाळी मंडळाला कुलूप. सरांचा फोन बंद. मी पायरीवर चार वाजेपर्यंत बसले. आई डबा घेऊन आली, मला बघून म्हणाली, "रडतंस कित्याक? जा, तेंच्या घराकडे जा." सरांच्या घरीही कुलूप होतं.

पत्र बुधवारी मिळालं. शिक्का, सही, सुंदर अक्षर, खाली उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. मी तिथल्या तिथे फाडलं.

कंपनीने माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. ती आज तिथे अधिकारी आहे. तिच्यावर माझा राग नाही, चांगली खेळायची. मी मात्र मंडळाकडून पुन्हा उतरले नाही. सर गल्लीत सांगत फिरले, पोरगी माजली. पुढच्या वर्षीच्या चाचणीत वर्षभर न खेळलेले पाय वेळेवर उठले नाहीत. संपलं. आज मी मुलुंडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, अजून करारावरच.

गेल्या वर्षी मंडळातली एक मैत्रीण मागे लागली. सर आजारी आहेत, बोरिवलीला मुलाकडे असतात, एकदा भेटून येऊ. गेलो. सरांनी मला लगेच ओळखलं. सुनेला म्हणाले, "असा कोपरा पुन्हा मिळाला नाही आम्हाला."

मी विचारलं, "सर, माझं पत्र तुम्ही मुद्दाम अडवलंत ना?"

"कुठलं पत्र?"

मैत्रिणीने माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कंपनी, चावी, कुलूप, पायरी. सर लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांचे डोळे एकदम चमकले.

"अगं, पण ती फायनल आपण जिंकली ना!"

समोर ठेवलेल्या चहाला मी हात लावला नाही. उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले. मैत्रीण मागून धावत आली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हातारे झालेत गं ते. पण निदान तोंडावर बोललीस. बरं वाटलं ना?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."