हेर काका आणि अप्पासाहेबांचं नाक

एका जर्मन व्यंगचित्रकारानं काढलेलं नाक मी व्हाइटनर लावून लहान केलं. त्यांना न विचारता, खाली त्यांची सही असताना. आणि वर, काम झाल्यावर दोन पावलं मागे सरून स्वतःवर खूशही झालो.

त्यांना आमच्या घरात हेर काका म्हणत. जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. मराठीत हेर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तो अर्थही त्यांना शोभायचा. लंडनमधल्या स्टॅनमोरला ते आमच्या शेजारी राहत. इंग्लिश नर्सशी लग्न करून इथं आले आणि ती गेल्यावरही इथंच राहिले. पोट मात्र जर्मनीतल्या एका टवाळखोर साप्ताहिकावर. तिथल्या कुणा पुढाऱ्याचा चेहरा काढायचा, पुठ्ठ्याच्या पाकिटात घालायचा आणि पोस्टानं पाठवायचा, हा अख्ख्या ऐंशीच्या दशकातला त्यांचा धंदा.

समोर बसवून त्यांनी कधी कुणाचं चित्र काढलं नाही. बसमध्ये, दुकानात, टीव्हीपुढे नुसतं बघायचं. इतकं की माझी बायको म्हणायची, "अहो, त्यांना सांगा ना जरा. परवा मला वाटलं, माझ्या तोंडाला पीठ लागलंय." चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवणीतून. "जे विसरलो ते त्या चेहऱ्यात नव्हतंच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या खडबडीत इंग्रजीत ते जास्त चांगलं वाटायचं.

एका दिवाळीला त्यांनी चकली खाण्याआधी दिव्याखाली फिरवून पाहिली आणि विचारलं, "ही रेषा कुणाची?" बायकोनं पितळी सोऱ्या दाखवला. मग काय, काकांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि ओट्यावर कुठल्याशा अर्थमंत्र्याचा चेहरा पाडला. बायकोनं तो तळला. जबडा मोडला, पण चव उत्तम होती.

असाच एक मंत्री म्हणे त्यांच्यावर कोर्टात गेला होता. न्यायाधीशांनी चित्राकडे बघितलं, मंत्र्याकडे बघितलं आणि रुमाल तोंडाला लावला. "मी अपमान करत नाही," काका सांगायचे. "मी बघतो. लोकांना आपल्याकडे बघितलेलं चालत नाही."

नव्वदनंतर साप्ताहिकाला नवा संपादक आला. त्याला या माणसाची रेषा जुनी वाटली. पुठ्ठ्याची पाकिटं बंद झाली. पोस्टमन यायच्या वेळेला काका उगाच फाटकाशी उभे राहायचे आणि तो पुढे गेला की गुलाबाची वाळलेली पानं खुडायचे. वाळलेली संपली की हिरवी.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. अध्यक्ष अप्पासाहेब, रिटायर्ड डॉक्टर, त्यांची पंचाहत्तरी आली होती. शाल, श्रीफळ, मानपत्र हे सगळं होणारच होतं, त्यात हेर काकांनी काढलेलं चित्र द्यावं असं मी ठरवलं. काकांनी एकच विचारलं, "त्यांना खरंच हवंय?"

"खरंच," मी म्हटलं.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला काका शाळेच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले आणि अप्पासाहेबांचं लांबलचक भाषण त्यांनी डोळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टाय लावून चित्र घेऊन दारात हजर. किती वर्षांनी त्यांना टायमध्ये पाहिलं! "अजून जमतं," एवढंच म्हणाले आणि लाजले.

मी चित्र उजेडात धरलं. अर्धा कागद नाक! त्या नाकाच्या सावलीत आमचं अख्खं मंडळ सतरंजी टाकून बसलेलं, डबे उघडून जेवतंय. आज कळतं, अप्पासाहेबांवर इतक्या प्रेमानं कुणी काही लिहिलं नव्हतं. तेव्हा मला फक्त नाक दिसलं. अध्यक्षांचं नाक! वडीलधारा माणूस, भर सभेत!

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. व्हाइटनरनं नाक उडवलं, त्याबरोबर सतरंजीवरचं मंडळही गेलं. मग वक्र रेषा आखायची प्लॅस्टिकची पट्टी घेऊन मी एक बेताचं, कुणालाही चालेल असं नाक आखलं. बायको दारातून म्हणाली, "अहो, त्यांना विचारलंत का?"

"त्यांना काय कळणार आहे तिथून?" मी म्हटलं. 'तिथून' म्हणजे पहिल्या रांगेतून. मीच तिथं त्यांची खुर्ची राखून ठेवली होती.

समारंभात पडदा सरकला. टाळ्या पडल्या, बेताच्या. अप्पासाहेब चित्राजवळ गेले. "अरे, हा कोण? मी इल्फर्डच्या भावाला फोन करून सांगितलंय, माझं नाक आता जर्मन मंत्र्यांच्या पंगतीत बसणार म्हणून! आणि हा काय, पासपोर्टचा फोटो?"

हेर काका सावकाश स्टेजवर चढले. चष्मा लावला. वाळलेल्या पांढऱ्या थरावरून बोट फिरवलं. खिशातून पेन काढून स्वतःच्या सहीवर एक सरळ रेघ मारली आणि आले तसे खाली उतरून हॉलबाहेर गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माइक माझ्या हातात होता. मी काय म्हणालो असेन? "आता अल्पोपहार."

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब स्वतः आले. ब्लेझर घालून काकांसमोर बसले आणि म्हणाले, "बघा, हवं तेवढं बघा. नाक इथंच आहे." काकांनी चहा संपेपर्यंत त्यांना पाहिलं. त्यानंतरच्या सकाळी मी कुंपणाशी घुटमळत होतो. काका बाहेर आले. माझा चेहरा बघून मान हलवली.

"नाही येत. डोळे मिटले की तुम्ही काढलेलं नाक दिसतं."

त्यानंतर त्यांनी काही काढलं नाही. शाईच्या बाटल्या पलीकडच्या शाळेला दिल्या आणि वसंतात हॅम्बर्गला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. निघाले त्या दिवशी मी त्यांची खोकी टॅक्सीत चढवत होतो. पुन्हा एकदा माफी मागितली. म्हटलं, "काका, मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही."

ते टॅक्सीत बसले, काच खाली केली आणि मला नीट पाहिलं.

"भित्री माणसं मी खूप पाहिली," ते म्हणाले. "इतकं नीटनेटकं काम करणारा भित्रा पहिलाच."