पेटीत न मावणारं पाणी

दुपारचं जेवण झाल्यावर मृण्मयी चारूदादाच्या खुर्चीत बसते आणि डोळे मिटते. झोप अजून लागलेली नाही, पण पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो. दादा ऐन थंडीत गेला. नदीकाठच्या वाडीसाठी त्यानं हाती घेतलेला भोंग्याचा प्रोग्रॅम आता तिनं पुरा केलाय. पाणी धोक्याच्या खुणेला टेकलं की भोंगा वाजायला हवा. समोर टेबलावर उघड्या असलेल्या तिच्या लॅपटॉपवर तो दर वेळी वाजतो. उद्या हा प्रोग्रॅम घालून भोंग्याची पेटी पुलावर बसवायची आहे.

"सरक जरा," दादा म्हणतो.

ती सरकते. खुर्ची आता आईच्या स्वयंपाकघरातला पाट आहे. शेजारी दादा भात कालवतोय, आजारपणाआधीसारखा, भरल्या अंगाचा.

"पाण्याची उंची कशात ठेवलीस?"

"साध्या इंटमध्ये, आकड्यांच्या नेहमीच्या खान्यात. चालतंय की."

"तुझ्या लॅपटॉपवर चालतंय. तिथं इंट बत्तीस बिटांचा. पेटीतल्या त्या छोट्या सर्किट बोर्डावर तोच इंट सोळाचा. पाणी चढलं की आकडा त्यात मावणार नाही, उलटून वजा होईल."

"मग?"

"मग भोंग्याला वाटेल, नदी आटली."

पाटाखाली पाणी येतं. भिंती नाहीत. दोघं घाटावर बसलेत, पाणी पायऱ्या चढतंय आणि वाडी गाढ झोपलीय. मृण्मयी हाका मारते. घशातून आवाजच निघत नाही.

"घाबरू नकोस, मृणू. किती बिटं हवीत ते इंटच्या नावातच लिही. मग मशीन कुठलंही असो, तेवढी जागा मिळणारच."

"तूच लिही ना. घरी चल. आई अजून तुझं ताट वाढते."

तो पाण्याकडे बघत राहतो. "सांग तिला, नको वाढत जाऊस."

"मी नाही सांगणार."

"बरं," तो म्हणतो, लहानपणी तिच्या हट्टापुढं नमायचा तसा, आणि तिच्या हातावर हात ठेवतो. हात गार नाही. ती तो घट्ट धरायला जाते, आणि पंखा पुन्हा जवळ येतो.

टेबलावर ऊन आलंय. तिची बोटं कीबोर्डवर आहेत. स्क्रीनवर, जिथं नुसतं int होतं, तिथं int32_t आहे. आपण कधी लिहिलं, तिला आठवत नाही. ओळीच्या टोकाशी कर्सर उघडझाप करतोय, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

ती कितीतरी वेळ एकही बटण दाबत नाही.