भिंगसरांचा अठरावा विद्यार्थी

आमच्या शेजारच्या सरांना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे 'भिंगसर' म्हणतात. मी तोंडावर म्हणते. कॉलेजातल्या सतरा मुलांना ते ब्लॉगवर लेख लिहायला शिकवतात, आणि शिकवण्यात एकच हेका: "दुरून लिहिलंस. जवळ जा." कुणी लिहिलं 'आजोबा प्रेमळ होते', की सर खाली विचारणार, "आजोबांची कुठली चप्पल आधी झिजायची?" लग्न केलं नाही त्यांनी. माझं मत विचाराल तर मुलगी बघायलाही फार जवळ गेले असतील. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई. सर कॉलेजात गेले की ताई दिवसभर एकटी.

वर्गाचा ब्लॉग आहे. मुलं लेख टाकतात, सर खाली शेरा लिहितात. एका सोमवारी तिथं अठरावा लेख आला. नाव नाही. विषय आमची गल्ली, कोपऱ्यावरून पाहिलेली. सरांनी सवयीनं शेरा ठोकला, "दुरून लिहिलंय. एखादं घर निवड. जवळ जा."

पुढच्या सोमवारी लेखात सरांचंच फाटक! तिसऱ्या गजावरचे रंगाचे पोपडे, कडी सरकवताना होणारा आवाज, सगळं तंतोतंत. कुणी दुसरा असता तर दचकला असता. आमचे सर हरखले. "उत्तम! पण वाचक बाहेर ताटकळलाय. त्याला आत ने."

नेलं. तिसऱ्या लेखात स्वयंपाकघर होतं. चहा गाळताना ताईची मान कशी डावीकडे कलते, आणि तुटलेल्या गाळणीला तिनं त्याच दुपारी बांधलेली हिरवी दोरी.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, दुपारी मी आतून कडी लावते!"

"पोरं गंमत करतायत गं."

"गंमत? ओट्यासमोर खिडकी आहे का? ज्यानं हे पाहिलं तो माझ्या शेजारी उभा होता."

सरांनी एकेका मुलाला खोदून विचारलं. पण दुपारी तर सगळी सतराच्या सतरा त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच नजरेसमोर असतात. मीच मग शहाणपण शिकवलं, "शेराच देऊ नका. कंटाळून जाईल."

तीन दिवसांनी ब्लॉगवर दोनच ओळी आल्या. 'शेरा अजून आला नाही. तोवर ताईंच्या उशाशी बसलोय.'

ताईनं बॅग काढली. "एक तर याला घालव, नाहीतर मी निघाले. या वयात परक्याच्या घरी राहीन, पण इथं डोळे मिटणार नाही."

सरांचा चेहरा पडला. त्या घरात ताईखेरीज त्यांचं होतं कोण? घाईघाईनं ते टाइप करू लागले, 'लेख संपव.'

"हात आवर!" ताई ओरडली. "कसा संपवेल, सांगता येतं का तुला?"

सरांनी ती ओळ पुसून लिहिलं, "हा विषय पुरे. आता दुसरं घर घे."

त्या दुपारी ताई गाढ झोपली. बॅग परत कपाटावर गेली. मीही म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

सोमवारी लेख आला. एक बाई कुंपणाशी उभी आहे, हातात वाळलेलाच टॉवेल, कान शेजारच्या घराकडे. नाव नव्हतं, पण टॉवेल माझा होता.

मी चपला न घालताच धावले. "भिंगसर, याला पैकीच्या पैकी द्या आणि लांबच्या गल्लीत पाठवा!"

सर स्क्रीनकडे बघत ओशाळले. "देतो हो. पण खरं सांगू? दुरून लिहिलंय."

"मग काहीच नको लिहूस," ताई म्हणाली.

"असं कसं काहीच नको?" माझा आवाज फाटला. "वाट बघत कुठं बसतो तो, विसरलात? शेरा द्या, सर. हवा तो द्या. पण मी घरी पोचायच्या आत द्या."