लाल रंगाखालचे टाके

गेल्या खंडेनवमीला मी बेळगुंदीच्या आमच्या अंगणात एक ट्रेलर उभा केला. पॉवर टिलरमागं जोडायचा, रताळी वाहायला. एरवी मी बेळगावात ऑफिसातली खुर्ची उबवणारा माणूस. पण मोबाइलवर वेल्डिंग बघून बघून वाटायला लागलं होतं, हे काय, शिवणकामच! तेही मला येत नाही, हा भाग वेगळा.

सांगाड्याचे अँगल काटकोनात धरायला कोपऱ्यांवर नुसते टाके मारले होते. सलग वेल्डिंग राहिलं होतं. पूजेला नवं दिसावं म्हणून त्यावरच लाल रंग फासला. म्हटलं, पूजा झाली की उरलेलं उरकू. पण वहिनीनं वेल्डिंगच्या मशीनलाही हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो. हे मला लहानपणापासून ठाऊक; ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

पूजा झाल्यावर गाडीचा एक फेरा मारायचा असतो. शहापूरहून सणाला आलेली थोरली आक्का पदर खोचून थेट ट्रेलरमध्ये बसली. "चल रं, देवळापतूर. भावानं केल्याली गाडी हाय!"

मी घाईनं म्हटलं, "आक्का, उतर गं."

"का रं?"

जोड कच्चे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून गल्लीभर मिरवलो होतो. तेवढ्यात माझा थोरला भाऊ अण्णा ओरडला, "गाडी वाकंल म्हणून भ्यालाय त्यो! तुझ्यापरीस रताळी हलकी!"

अंगण हसलं. मीही हसलो.

"व्हय बाई, लई झालंय वजन," म्हणत आक्का साडी सावरत उतरली आणि आत गेली.

अण्णानं दोन पोती टाकली. त्यालाही मी अडवलं नाही. फाटकाच्या चढावर कड्कन आवाज झाला, मागचा कोपरा सुटला आणि रताळी गटारात.

आवाजानं आक्का बाहेर आली. तुटलेल्या जोडावर शर्टाच्या बटणाएवढा टाका चकाकत होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"एवढ्यावरच हुतं व्हय?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय, आक्का."

"मग सगळी हसली तवा बोलला न्हाईस."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली बसून रताळी गोळा करायला लागली.

दसऱ्यानंतर चारी कोपरे नीट वेल्ड केले. परवा आक्का आली होती. शेताकडं निघताना म्हटलं, "बस की गं."

"नगं. हो म्होरं तू," म्हणून ती चालत निघाली.

मी म्होरं झालो नाही. रिकामा ट्रेलर खडखडवत तिच्या मागनं हळूहळू गेलो.